साहेबाचे ओटे आणि सूर्यावरचा वायू

विजयदुर्गच्या किल्ल्यात जे चौथरे आहेत, त्यांना गावात 'साहेबाचे ओटे' म्हणतात. कोणता साहेब, असे विचारले तर उत्तर तयार असते : लॉकियर साहेब. त्याने १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच ओट्यांवर दुर्बिणी मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि सूर्यावर हेलियम वायू शोधून काढला. ही हकीकत पर्यटकांसाठीच्या माहितीत येते, वर्तमानपत्रांत येते, अलीकडे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो तेव्हा भाषणांतही येते. कोकणच्या एका किल्ल्यावर एका मूलद्रव्याचा जन्म झाला, ही कल्पना कोणाला आवडणार नाही?

अडचण एवढीच आहे की त्या दिवशी नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता. तो त्या ग्रहणासाठी हिंदुस्थानात आलेलाच नव्हता. आणि ज्याला आपण 'शोध' म्हणतो तो त्या दिवशी पुरा झालाच नाही. त्याला पुढे सत्तावीस वर्षे लागली.

मग ही कथा खोटी म्हणून सोडून द्यावी का? मला तसे वाटत नाही. लोकस्मृती बहुतेक वेळा धादांत खोटे बोलत नाही, ती दोन खऱ्या गोष्टींची मोट बांधते. इथे ती गाठ कुठे पडली ते सोडवून पाहता येते, आणि सोडवताना जे हाती लागते ते मूळ दंतकथेपेक्षा जास्त रोचक आहे. त्यासाठी आधी ग्रहणाकडे आणि मग रसायनशास्त्राकडे जावे लागेल, कारण या कथेतला खरा गुंता हेलियमच्या स्वभावात आहे.

१८६८ च्या ग्रहणाची सावली एडनवरून अरबी समुद्र ओलांडून दक्षिण कोकणात शिरली आणि जमखिंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण अशी पूर्व किनाऱ्याला जाऊन पुढे सयामकडे गेली. विजयदुर्ग या पट्ट्यात येत होता, हे खरे. त्या सकाळी किल्ल्यावर कोणी उभा असता तर त्याला खग्रास ग्रहण दिसले असते, ढग नसते तर. दंतकथेला इतका आधार आहे. पण वेधासाठी आलेल्या शास्त्रज्ञांनी मुक्काम टाकले ते दुसरीकडे. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात गेला. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू, हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला होता. कॅप्टन हेग विजापुरात होता. मेजर टेनंट गुंटूरला, आणि गुंटूरलाच फ्रान्सहून आलेला ज्यूल जान्सन एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी उतरलेला होता. मद्रासच्या सरकारी वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला होता. सयाममध्ये राजा मोंगकुट स्वतः ग्रहण पाहायला दलदलीच्या किनाऱ्यावर गेला, तिथे त्याला हिवताप जडला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला तो वारला. ग्रहणाचे गणित त्याने स्वतः केले होते आणि ते बरोबर आले होते.

ही सगळी मंडळी एवढा खटाटोप करून आली होती ती एका नव्या हत्यारामुळे. किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले होते की प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठरावीक रंगांच्या ठरावीक रेषा देते. गॅसवर दूध उतू गेले की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, ती त्यातल्या क्षारांमधल्या सोडियममुळे. चिमूटभर मीठ टाकले तरी तेच. हा पिवळा रंग लोलकातून पाहिला की एकमेकींना चिकटलेल्या दोन रेषा दिसतात. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. त्यांना डी-१ आणि डी-२ अशी नावे. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे. नऊ कोटी मैलांवरच्या आगीत मीठ आहे की नाही हे घरबसल्या सांगता येऊ लागले.

या हत्याराने रसायनशास्त्राला नवी मूलद्रव्येही दिली. बुन्सेन आणि किर्खहोफ यांना झऱ्याच्या पाण्याच्या क्षारांत दोन निळ्या रेषा दिसल्या, ते सीझियम. मग रुबिडियम निघाले, क्रुक्सला हिरव्या रेषेवरून थॅलियम, दोन जर्मनांना गडद निळ्या रेषेवरून इंडियम. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की या चौघांतही रेषा आधी दिसली आणि पदार्थ मागून हातात आला. सीझियमचे क्षार करता आले, तोलता आले, त्याचा अणुभार काढता आला. सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम हे एकाच घरातले. पाण्यात टाकले की पेट घेणारे, हवेला लागले की मळणारे, ज्याच्याशी भेट होईल त्याच्याशी संयोग करणारे. असे पदार्थ पकडणे सोपे. ते कशाशी तरी बांधलेलेच सापडतात आणि त्या बांधणीतून त्यांना ओढून काढायचे असते. रसायनशास्त्राचे सगळे हातखंडे तेव्हा याच एका गोष्टीवर उभे होते : पदार्थ ओळखायचा तो त्याच्या संयोगावरून.

अशा तयारीने ग्रहणाला आलेल्या लोकांना काय दिसले? सूर्य झाकला गेला की त्याच्या कडेवर लालसर ज्वाळा दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, घन ढगांच्या की तापलेल्या वायूच्या, हा वाद होता. जमखिंडीत ढग सारखे येत-जात होते. हर्शेलला मिळालेल्या तुटक क्षणांत ज्वाळांच्या वर्णपटात तीन ठसठशीत रेषा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. अखंड पट्टा नव्हे, सुट्या रेषा. म्हणजे ज्वाळा वायूच्या. गुंटूरला, मच्छलीपट्टणला, सयामला हेच आढळले. तांबडी आणि निळी हायड्रोजनच्या, यावर एकमत झाले. राहिली ती पिवळी-नारिंगी. हर्शेलने आणि टेनंटने ती सोडियमची डी रेषा म्हणून नोंदवली. पॉगसन तिच्या जागेबद्दल तितका निःशंक नव्हता, पण त्याचा अहवाल मद्रासबाहेर फारसा कोणी वाचला नाही.

पाच-सहा मिनिटांचा काळोख, थरथरते हात, ढगांची धास्ती, आणि मोजायचे अंतर केसाएवढे. पिवळ्या जागी पिवळी रेषा दिसली तर ती सोडियमची, असे समजणे स्वाभाविक होते. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण मग १८ ऑगस्टला हेलियम 'सापडला' असे म्हणता येत नाही. त्या दिवशी तो दिसला, आणि पाहणाऱ्यांनी त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारली.

जान्सनचे लक्ष रेषेच्या जागेपेक्षा तिच्या तेजाकडे गेले. रेषा इतक्या ठळक होत्या की त्या ग्रहणावाचूनही दिसतील, असे त्याला वाटले, आणि दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, उजळ सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शक रोखून त्याने त्या पाहिल्याही. ग्रहणाची वाट पाहायची गरज संपली. त्याने पॅरिसला पत्र धाडले. सुएझचा कालवा त्या वेळी पुरा झालेला नव्हता, तो पुढच्या वर्षी नोव्हेंबरात उघडला. पत्राला जो वेळ लागायचा तो लागला.

इकडे लॉकियर. तो लष्करी खात्याच्या कचेरीतला कारकून. खगोलशास्त्र त्याचा छंद. ज्वाळांच्या रेषा ग्रहणाशिवाय दिसायला हव्यात, हे त्याने दोन वर्षांपूर्वीच म्हटले होते आणि त्यासाठी चांगला वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता. कारागिरांच्या दिरंगाईमुळे तो हाती पडायला १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला लंडनच्या आपल्या घरच्या दुर्बिणीला तो जोडून लॉकियरने त्याच रेषा पाहिल्या. त्याचे पत्र आणि जान्सनचे पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला वाचले गेले. फ्रेंचांनी मोठे मन करून दोघांना सारखे श्रेय दिले आणि १८७२ मध्ये दोघांचेही मुखवटे असलेले पदक पाडले. हे पदक ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याच्या रीतीबद्दलचे आहे. हेलियमचा त्यात संबंध नाही, पण पुढच्या लेखकांनी पदक आणि हेलियम यांची सांगड घातली आणि 'जान्सन-लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियम शोधला' हे वाक्य जगभरच्या पुस्तकांत रुळले. विजयदुर्गची दंतकथा त्याच वाक्याचे कोकणी रूप आहे. तेव्हा सगळा ठपका गावकऱ्यांवर नको.

लॉकियरचे खरे काम यानंतर सुरू झाले. ग्रहणाची घाई नसल्यामुळे तो सावकाश मोजू शकत होता, आणि त्याच्या ध्यानात आले की ज्वाळांतली पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांवर बसत नाही, ती हिरव्या बाजूला किंचित सरकलेली आहे. आजच्या मापात सांगायचे तर सोडियमच्या रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. रोममध्ये सेक्कीनेही हे पाहिले. तिला डी-३ नाव मिळाले. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनज्ञाबरोबर लॉकियरने हायड्रोजनला निरनिराळ्या दाबांखाली, तापमानांत तपासले. पिवळी रेषा काही केल्या येईना. तेव्हा हे काहीतरी वेगळे, पृथ्वीवर न दिसलेले, असे लॉकियरच्या मनाने घेतले. सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव जाहीरपणे उच्चारले ते विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, १८७१ मध्ये एडिंबरोच्या ब्रिटिश असोसिएशनच्या भाषणात. शेवटचा 'इयम' हा प्रत्यय धातूंचा : सोडियम, सीझियम, तसे हेलियम. तो वायू असेल, तोही कशातच न मिसळणारा, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. नाव चुकीच्या जातीचे पडले आणि तसेच राहिले.

रसायनज्ञांनी मात्र हे मूलद्रव्य मानले नाही. लोकप्रिय पुस्तकांत त्यांना हटवादी म्हणून रंगवतात, ते मला अन्यायाचे वाटते. एक रेषा म्हणजे पदार्थ नव्हे. त्याचा क्षार नाही, त्याची घनता नाही, अणुभार नाही. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने आवर्तसारणी मांडली ती अणुभार आणि संयुजा यांच्या आधारावर. ज्याला दोन्ही नाहीत त्याला घर कुठे देणार? शिवाय त्याच १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली आणि तिच्यासाठी 'कोरोनियम' नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले. तेजोमेघांतल्या रेषांसाठी 'नेब्युलियम' होते. पुढे कळले की कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले आपले लोखंड, आणि नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला प्राणवायू. तिघांच्या बाजूने पुरावा एकाच प्रतीचा होता आणि तिघांपैकी एकच खरा निघाला. संशय घेणारे चुकले ते एकदाच.

तो खरा ठरायला दगड कारणी लागला. अमेरिकेत विल्यम हिलेब्रँडने १८९० च्या सुमारास युरेनियमची खनिजे आम्लात उकळली तेव्हा त्यांतून एक वायू निघाला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून त्याने त्याला नायट्रोजन ठरवले. निरुत्साही वायू म्हटले की त्या काळी नायट्रोजनच आठवायचा. आळशी म्हणून नायट्रोजनची ख्याती होती आणि तिच्या आड खरे आळशी लपून राहिले होते, हे त्याच सुमारास दुसऱ्या एका वाटेने उघडकीला येत होते. लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होता. हवेतून काढलेल्या नायट्रोजनचा एक लिटर १.२५७ ग्रॅम भरे आणि अमोनियासारख्या संयुगांतून काढलेल्याचा १.२५०. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसरा कोणी असता तर प्रयोगातली चूक म्हणून सोडून देता. रॅलेने सोडले नाही, आणि विल्यम रॅमझी या रसायनज्ञाबरोबर १८९४ मध्ये दाखवले की हवेत जवळजवळ एक टक्का एक वेगळाच, जड, कशाशीही न जुळणारा वायू आहे. त्याला त्यांनी आर्गॉन म्हटले, ग्रीक भाषेत आळशी. आपण जन्मभर तो श्वासातून आत-बाहेर करत होतो.

या बातमीने ब्रिटिश म्युझियममधल्या हेन्री मायर्स या खनिजतज्ज्ञाला हिलेब्रँडचा 'नायट्रोजन' आठवला आणि त्याने रॅमझीला कळवले. रॅमझीने क्लेव्हाइट हे युरेनियमचे खनिज मिळवले, विरल गंधकाम्लात उकळले, निघालेला वायू शुद्ध केला आणि नळीत भरून विजेच्या ठिणगीने पेटवला. त्याची अपेक्षा आर्गॉनची. दिसली एक झगझगीत पिवळी रेषा. आधी सोडियमचाच संशय. तोच जुना, सत्तावीस वर्षांपूर्वीचा. पण शेजारी सोडियमच्या रेषा ठेवून पाहिल्या तर ही बाजूला. वायूची नळी विल्यम क्रुक्सकडे गेली आणि मार्च १८९५ च्या चौथ्या आठवड्यात त्याने मोजून कळवले : ही डी-३ आहे. लॉकियरलाही नळी मिळाली. हयातीची अर्धी वर्षे ज्या रेषेसाठी टोमणे खाल्ले ती त्याने आपल्या टेबलावर चमकताना पाहिली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लांगले यांनी स्वतंत्रपणे तो वायू मिळवून त्याचा अणुभार काढला. चार.

माझ्या मते हेलियमच्या शोधाची तारीख द्यायचीच असेल तर ती मार्च १८९५ ही द्यावी. त्याआधीची पिवळी रेषा ही त्याची खूण, आणि खुणेचा मान १८६८ च्या शरदात लंडनला वेगळेपण ओळखणाऱ्या लॉकियरला.

सत्तावीस वर्षे का लागली याचे उत्तर या वायूच्या घडणीत आहे. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, तो देऊन टाकायला ते उतावीळ. क्लोरीनला एक कमी, तो घ्यायला ते उतावीळ. दोघे भेटले की मीठ. आवर्तसारणीच्या दोन्ही टोकांचे हे गण जगातल्या बहुतेक रासायनिक धांदलीला जबाबदार आहेत. या दोन टोकांच्या मध्ये, किंवा पलीकडे म्हणा, ज्यांचे कवच भरलेले आहे ते राजवायू. त्यांना देणे नाही, घेणे नाही. पोटभर जेवून ओसरीवर झोपाळ्यात बसलेल्या माणसाला जसे पंगतीचे आमंत्रण सुचत नाही तसे. हेलियमचे कवच तर दोन इलेक्ट्रॉनांतच भरते आणि ते दोघे केंद्राच्या इतके जवळ असतात की त्यांतला एक उपटायला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. कोणत्याही मूलद्रव्याला लागत नाहीत एवढे. सोडियमला लागतात पाच. संयोगावरून ओळखण्याची रीत असलेल्या शास्त्राला हा पदार्थ सापडणार कसा? त्याच्याकडे पकडायला कानच नव्हता. प्रकाश ही एकच वाट उरली होती, आणि ती आधी सापडली ती सूर्यावर, जिथे तो वस्तुमानाने सुमारे पाव हिस्सा आहे. आपल्या हवेत तो दहा लाखांत पाच.

गंमत पाहा, इलेक्ट्रॉन दोन म्हणून हेलियमला खरे तर बेरिलियम, मॅग्नेशियम यांच्या पंक्तीला बसवायला हवे. स्वभावावरून त्याला दुसऱ्या टोकाला, निऑनच्या डोक्यावर बसवतात. जन्मपत्रिकेपेक्षा वागणूक मोठी, हे रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

या नव्या पाहुण्यांसाठी रॅमझीने सारणीत एक अख्खा गण वाढवला. १८९८ च्या मे ते जुलै या तीन महिन्यांत त्याने आणि मॉरिस ट्रॅव्हर्सने थंड केलेल्या हवेतून क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन एकामागून एक काढले. हे वायू कशाशी तरी जुळवण्याचे प्रयत्न लगेच झाले. फ्लोरीन हे सर्वांत अधाशी मूलद्रव्य वेगळे करणाऱ्या म्वासाँकडे आर्गॉन पाठवला गेला. फ्लोरीननेही हात टेकले. १९१६ मध्ये लुईस आणि कोसेल यांनी आठ इलेक्ट्रॉनांच्या पूर्णतेवर संयुजेची उपपत्ती उभारली तेव्हा हे वायू तिचे आदर्श ठरले, आणि 'निष्क्रिय' हे विशेषण क्रमिक पुस्तकांत धर्मवचनासारखे बसले. पॉलिंगने १९३३ मध्ये झेनॉन फ्लोरीनशी जुळेल असे भाकीत केले, पण त्या वेळी केलेला प्रयोग फसला आणि लोक गप्प बसले. १९६२ मध्ये कॅनडात नील बार्टलेट याने प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड हा वायू प्राणवायूचाही इलेक्ट्रॉन हिसकावतो हे पाहिले होते. तक्ता चाळताना त्याला दिसले की प्राणवायूच्या रेणूला लागणारी ऊर्जा १२.०७ आणि झेनॉनला १२.१३. जवळजवळ सारखी! दोन वायू एकत्र सोडले आणि खोलीच्या तापमानाला नारिंगी-पिवळी घन पूड बसली. साठ-सत्तर वर्षांचे वचन एका संध्याकाळी मोडले. मग झेनॉनची फ्लोराइडे आली, क्रिप्टॉनचे आले, २००० साली फिनलंडमध्ये अतिथंडीत आर्गॉनचेही एक संयुग झाले. ज्या विशेषणाची सवय झाली होती ते कोणी तपासतच नव्हते, एवढाच तो अडथळा होता.

हेलियम मात्र जवळपास तसाच राहिला. वातावरणाच्या दहा लाखपटींहून अधिक दाबाखाली सोडियमबरोबर त्याची एक रचना बनते असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही तो सोडियमच्या जाळीतल्या फटींत बसतो, रूढ अर्थाने बंध करत नाही. आणि प्रोटॉनला धरून तो एक भारित रेणू करतो, जो प्रयोगशाळेत १९२५ पासून माहीत होता. विश्व थंडावू लागले तेव्हा बनलेला हा पहिला रेणू असावा असे गणित सांगते. २०१९ मध्ये एका तेजोमेघात त्याची खूण मिळाली, पुन्हा एका वर्णरेषेवरूनच.

क्लेव्हाइटच्या दगडात हा वायू शिरला कसा, हे रॅमझीलाही १८९५ मध्ये ठाऊक नव्हते. किरणोत्सार सापडायला अजून एक वर्ष होते. १९०३ मध्ये त्याने आणि सॉडीने रेडियमपासून हेलियम निघताना पाहिला, आणि १९०८-०९ मध्ये रदरफर्ड व रॉइड्स यांनी सिद्ध केले की युरेनियमसारखी मूलद्रव्ये जे अल्फा कण फेकतात ते हेलियमचे केंद्रच. दगडातला हेलियम सूर्यावरून आलेला नाही, तो तिथेच युरेनियमच्या मोडतोडीतून जन्मला आहे आणि निघायला वाट न मिळाल्यामुळे युगानुयुगे अडकून पडला आहे.

आता परत विजयदुर्गाकडे. २२ जानेवारी १८९८, शनिवार. त्या दिवशीचे खग्रास ग्रहण याच किनाऱ्याने आत शिरले आणि वऱ्हाड-नागपूरकडून ईशान्येला गेले. या वेळी मात्र लॉकियर खरोखर विजयदुर्गात होता. आता तो कारकून नव्हता. आदल्याच वर्षी सर झालेला, 'नेचर' साप्ताहिकाचा संस्थापक-संपादक, साठी ओलांडलेला मोठा साहेब. सोबत 'मेलपोमीनी' हे आरमारी जहाज, त्याचा कप्तान चिझम-बॅटन आणि वेधांच्या कामाला जुंपलेले खलाशी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक पेडलर, म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा शिक्षक, तोही होता. लोलक लावलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांना हलून चालत नाही, त्यांना दगडी-चुन्याची बैठक लागते. ओट्यांचा उगम शोधायचा तर इथे शोधणे मला सयुक्तिक वाटते. काळोख होता सुमारे दोन मिनिटांचा. सूर्याच्या कडेच्या पातळ थराचा वर्णपट काचांवर उतरला, आणि त्यात हेलियमच्या रेषाही होत्या. म्हणजे विजयदुर्गात हेलियम टिपला गेला, हे अक्षरशः खरे आहे. फक्त तो शोधून तीन वर्षे झाली होती.

गाठ पडली ती अशी. दोन ग्रहणे, तीस वर्षांच्या अंतराने, दोन्ही या किनाऱ्यावरून गेलेली. एक साहेब, ज्याचे नाव पहिल्या ग्रहणाशी पुस्तकांनी जोडले आणि दुसऱ्याशी गावाने प्रत्यक्ष पाहिले. पुस्तकातली तारीख आणि डोळ्यांदेखतचा साहेब एकत्र आले. त्यात लॉकियर १८७१ च्या डिसेंबरातही ग्रहणासाठी पश्चिम किनाऱ्यावर आला होता, पण तो पार दक्षिणेला, बेकलला; तोही समुद्रकाठचा किल्लाच.

या १८९८ च्या ग्रहणाची आपल्याकडची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. दुष्काळाचे वर्ष नुकतेच सरले होते, मुंबई-पुण्यात प्लेगचे थैमान होते, रँडच्या खुनाला सात महिने झाले होते, टिळक तुरुंगात होते, दामोदर चापेकरांना फाशी व्हायला तीन महिने बाकी होते. अशा दिवसांत परदेशी पथके या पट्ट्यात तंबू ठोकून होती : पुलगावला, नागपूरजवळ, वऱ्हाडातल्या तळणीला. तळणीला ॲनी माँडरने छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक लांबच लांब झोत टिपला. सोलापूर रस्त्यावरच्या जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता आणि तिथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपले पथक घेऊन आले होते. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगीतून नेगमवालांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. जेऊरला त्यांनीही सूर्याच्या कडेचा वर्णपट छायाचित्रांत टिपला, लॉकियर विजयदुर्गाला जे करत होता तेच, त्याच दुपारी, अडीचशेहून अधिक किलोमीटर अंतरावर. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये छापला गेला.

हेलियमवाल्यांचा हिंदुस्थानशी आणखी एक संबंध आला. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचवायला रॅमझीला बोलावण्यात आले. तो १९०० च्या अखेरीस आला, देशभर फिरला आणि त्याने बंगळूर सुचवले. पुढे संस्थेचा पहिला संचालक झाला तो त्याचा सहकारी, निऑन-झेनॉनवाला ट्रॅव्हर्स.

नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि तिची यंत्रे कोडाईकनालला हलवली गेली. वीस इंची दुर्बिणीला तिथे 'भावनगर दुर्बीण' म्हणतात.